घुमाऱ्याचा नॉब

मी नॉब बोलतोय. हात लावाल तर काचच लागेल, कारण मी कॉम्प्युटरच्या पडद्यावर राहतो. गाणाऱ्याचा आवाज किती वेळ घुमत राहावा, हे ठरवणं माझं काम.

माझा जन्म जळगावचा. गाणं रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरला वरून जोडायचं एक प्लगइन शाझिया नावाची मुलगी लिहीत होती. बाकीचं सगळं गणित तिनं आत झाकून ठेवलं. वापरणाऱ्याच्या मर्जीवर सोडला तो एकटा मी! तिनं माझं नाव ठेवलं 'डिके टाइम', म्हणजे आवाज विरायला लागणारा वेळ, आणि शून्यापासून दहा सेकंदांपर्यंत फिरायची मुभा दिली. माझा रुबाब विचारू नका.

मला वापरून बघायला ती धुळ्याला समाधानभाऊंच्या स्टुडिओत आली. तिथे सोनगीरच्या मंजुळाबाई नातीच्या हळदीचं गाणं गायला आल्या होत्या. आमच्याकडे अशा गाण्यात नातलगांची नावं गुंफतात. नवरीचे अभिमनमामा साखरपुड्यात मानाची टोपी राहिली म्हणून रुसून बसले होते. ते लग्नाला तोंड दाखवतील की नाही, याचाच घोर होता. त्यांना मनवायला मंजुळाबाईंनी अख्खं कडवं रचलं होतं.

समाधानभाऊंनी मला धरलं आणि थेट शेवटाला नेऊन टेकवलं. मी खूश! पण हेडफोन लावताच मंजुळाबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि त्यांची अहिराणी सुरू झाली.

"समाधान, हाऊ मना आवाज शे, का विहीरमा कोनी पडेल शे? मामानं नाव आयकूच येत नही!"

"भाऊ, पूर्ण का फिरवला?" शाझियानं विचारलं.

"ताई, फिरवायचा नव्हता तर एवढी जागा दिली कशाला? लग्नाचं काम आहे, हात कशाला आखडायचा?"

शाझियाला हसू आवरेना. "बरोबर आहे भाऊ, जागा मीच जास्त दिली."

तिथेच बसून तिनं माझं नाव बदलून 'घुमारा' केलं. दहाचे दोन सेकंद केले. गाणं उघडल्यावर मी आधी कुठे उभं राहायचं, तेही ठरवलं. मला असा राग आला म्हणून सांगू! एवढ्याशा फिरण्यात कसली आली शान?

समाधानभाऊंनी सवयीनं मला पुन्हा शेवटाला नेलं. आवाज मांडवभर पसरल्यासारखा झाला, आणि तरी एकेक नाव स्वच्छ.

"आते बठ्ठा नावे आयकू येतस, माय!" मंजुळाबाईंनी शाझियाच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली.

पुढे हळद झाली आणि तिचा व्हिडिओ शाझियानं पडद्यावर माझ्या शेजारीच उघडला. मामा आले होते, पण कोपऱ्यात, हाताची घडी घालून. कडवं लागलं. पहिल्यांदा नाव आलं तेव्हा त्यांची मान वळली. दुसऱ्यांदा आलं, तसा गडी उठला आणि मंजुळाबाईंचा हात धरून नाचायलाच लागला. इकडे शाझिया एकटीच टाळ्या वाजवत होती.

आता मी बऱ्याच स्टुडिओंत असतो. दादांनो, ताईंनो, मला खुशाल फिरवा, अगदी शेवटापर्यंत. तिथेही तुमच्या मामाचं नाव ऐकू येईल, एवढी सोय माझ्या शाझियानं करून ठेवली आहे.