बीरव्वाच्या हातची घोंगडी

मी घोंगडी बोलतेय. काळी, जाड आणि आधीच सांगून ठेवते, टोचणारी. मऊ पांघरुणाची सवय असेल त्याने माझ्या वाटेला जाऊ नये.

माझा जन्म तेलंगणातल्या वेदिरपल्लीचा, कुरुमांच्या घरातला. मेंढरं राखायची आणि लोकर विणायची, हेच त्यांचं पिढ्यानपिढ्यांचं काम. बीरव्वाने काळ्या कोकरांचं पहिलं जावळ माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलं होतं. नवऱ्याने कातरलं, तिने पिंजलं आणि कातलं. मागावरून उतरल्यावर मला चिंचोक्याची खळ पाजून उन्हात ताणलं. किनारीला तिने एकच पांढरा धागा घातला आणि टोकाला सुटलेल्या दशांना स्वतः पीळ दिला. बाई डावखुरी, त्यामुळे तिचा पीळ उलटा पडायचा. तसा पीळ गावात दुसऱ्या कुणाचाच नव्हता.

मी विणली गेले ती तिच्या थोरल्यासाठी, ओदेलूसाठी. त्या घराची रीत अशी की मुलगा कर्ता झाला की आईने त्याला घोंगडी द्यायची. लग्नात त्याने तिच्यावर बसायचं, पावसात तीच पांघरायची आणि शेवटी तिच्यातच गुंडाळून मातीत जायचं. घोंगडी टाकून कुठे जायचं नाही, असं बीरव्वा पोरांना दटावून सांगे.

ओदेलू माझ्यावर नवरदेव म्हणून कधी बसलाच नाही. गावचा जमीनदार दसऱ्याला प्रत्येकाच्या कळपातला चांगला मेंढा ओढून न्यायचा. एका वर्षी ओदेलूचा बाप नाही म्हणाला. त्याला भर दुपारी चिंचेला बांधून असं बडवलं की पुढे तो कधी ताठ उभा राहिला नाही. ओदेलू तेव्हा तालुक्याच्या कॉलेजात होता. घरी आला, बापाची पाठ पाहिली. काही दिवसांनी सकाळीच त्याने गाठोडं बांधलं. बीरव्वा काय ते समजली. रडली नाही, आडवी आली नाही, तिने मला उचलून त्याच्या खांद्यावर टाकलं.

"जातोस तर जा. पण हिला अंतर देऊ नकोस. काही बरंवाईट झालं तर हिच्यावरून ओळखीन मी तुला."

तो हसला. "अव्वा, चेहरा विसरशील होय माझा?"

"चेहरे बदलतात रे. माझा पीळ बदलायचा नाही."

त्यानंतर गोदावरी ओलांडली आणि चाळीसेक वर्षं जंगल. तिथे त्याचं नावही बदललं. ओदेलूचा सोमन्ना झाला, जंगलातल्या बंदूकवाल्यांचा मोठा पुढारी झाला, त्याच्या डोक्यावर सरकारने इनाम लावलं. मी मात्र तीच राहिले. त्याचं अंथरूण मी, छप्पर मी, जखमींना वाहून न्यायची झोळीही मीच. गोंडांच्या पाड्यांवर तेंदूपानाला दर वाढून मिळाला, जंगल खात्याच्या माणसांचा जाच थांबला, तेव्हा बायका त्याला आंबिलाचा द्रोण आणून द्यायच्या आणि दादा, दादा करायच्या. त्याला आंबील आवडायची नाही. संपवायचा मात्र सगळी.

हे खरं आहे, आणि आता सांगते तेही खरंच आहे. बुधराम नावाचा एक माणूस पोलिसांना खबर देतो, असा आळ आला. मोहाच्या झाडाखाली पंचायत बसली, ओदेलू माझ्यावर बसून ऐकत होता. मरणाचा निकाल त्यानेच सांगितला. मी त्याच्या अंगाखाली होते, माझ्या दशांचा पीळ तो बोटांत फिरवत होता ते मला कळलं, बाकी कुणाला कळलं नाही. सगळं उरकल्यावर बुधरामची आई पुढे आली. शिव्या दिल्या नाहीत तिने. एवढंच म्हणाली, "दादा, याला झाकायला काहीतरी द्या."

ओदेलूने मला खांद्यावरून काढलं. सगळे त्याच्याकडे बघत होते. मग मला परत खांद्यावर टाकून चालू लागला. पुढे कितीतरी दिवस त्याने मला पांघरलं नाही, नुसती उशाला घ्यायचा. मला त्याचा राग आला होता, आणि त्याची कीवही येत होती.

मग तो म्हातारा झाला. गुडघे धरले, साखर वाढली, कानाला कमी ऐकू येऊ लागलं. एक कान तसाही लहानपणी मेंढ्याच्या शिंगाने फाटलेला. जंगलात रस्ते आले, छावण्या आल्या, सोबतची माणसं कुणी मेली, कुणी शरण गेली. उरलेल्यांत जुरी नावाची एक गोंड बाई होती. पाड्यापाड्यावर जखमा बांधायचं काम तिचं. तिला हिवताप चढला, दातांवर दात आपटायला लागले. ओदेलूने मला तिच्यावर घातलं.

ती म्हणाली, "दादा, तुमची घोंगडी नको. तुम्ही ती कुणाला देत नाही."

"टोचेल जरा. ताप उतरला की परत दे."

तो दोघा सोबत्यांना घेऊन ओढ्याकडे गेला आणि थोड्या वेळाने तिकडून गोळीबार ऐकू आला. आम्हाला जाता आलं नाही. मी तिच्या अंगावर होते, आणि तो तिथे उघडा पडला होता.

नंतर कुणीतरी बातमी आणली की सोमन्नाची आई शहरात प्रेत ओळखायला गेली होती. जुरीला तेवढ्यानेच हायसं वाटलं. दादाला आईच्या हातची माती मिळाली, असं ती प्रत्येकाला सांगत सुटली.

पावसाळा संपल्यावर जुरी शरण गेली. सुटका झाल्याबरोबर तिने मला बगलेत मारलं आणि विचारत विचारत वेदिरपल्ली गाठली. बीरव्वा ओसरीवर बसली होती, दिसायला अगदी कमी झालेलं. तिने माझ्या दशा चाचपल्या, उलटा पीळ बोटांना लागला आणि तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू.

"पोचव्वा! अगं पोचव्वा, बाहेर ये!" तिने लेकीला हाक मारली. "ओदेलूने घोंगडी पाठवली. तो कुठाय गं? मागून येतोय का?"

जुरी गोंधळली. म्हणाली, "अव्वा, तुम्ही गेला होतात ना शहरात? तुम्हीच तर दादाला माती दिलीत."

पोचव्वा बाहेर आली होती, तिने सांगितलं. दवाखान्यात टेबलावर झोपवलेला म्हातारा त्यांना दाखवला होता. पोचव्वाला तो भाऊच वाटला होता, ती म्हणाली होती, अव्वा, कान बघ. बीरव्वाने कान बघितलाही होता. मग तिने साहेबाला विचारलं, याची घोंगडी कुठाय? त्यांनी सामान दाखवलं, त्यात प्लास्टिकचा कागद, औषधं, चपला. घोंगडी नव्हती. मग हा माझा नाही, माझा ओदेलू घोंगडी टाकून कुठे जायचा नाही, असं म्हणून ती परत फिरली. घरी येऊन तिने गोडाचं केलं होतं. पोरगा जिवंत आहे म्हणून गावभर सांगितलं होतं.

"कान त्याचाच होता गं," बीरव्वा म्हणाली. "मला कळलं होतं. पण मी लोकरीचं ऐकलं."

तिने जुरीला बोल लावला नाही. फक्त विचारलं, ताप फार होता का तुला? जुरीने मान डोलावली. "मग बरं केलं त्याने," असं म्हणून म्हातारीने मला तोंडावर घेतलं आणि कितीतरी वेळ काढलं नाही.

तिघी शहरातल्या दफनभूमीत गेल्या. बेवारस मढी पुरायचा एक कोपरा होता, सारखेच उंचवटे. कुठला कुणाचा, ते राखणदाराला सांगता येईना. बीरव्वा मला एका उंचवट्यावर पसरायची, मग तिचा हात अडायचा, मग दुसऱ्यावर. शेवटी ती मातीत बसली आणि स्वतःच घातलेला पीळ उकलू लागली. एकेक धागा ओढून काढायचा, उंचवट्यावर ठेवायचा, वर दगड ठेवायचा. "यातलाच कोणीतरी तो असेल. बाकीच्यांच्याही आया असतीलच की."

तेव्हापासून सवड होईल तशी पोचव्वा तिला तिथे नेते. माझ्या दशा गेल्या, किनार गेली, पांढरा धागाही गेला. आता मी मांडीवर मावेन एवढी उरले आहे. मला त्याचं दुःख नाही. ज्यासाठी विणली गेले त्याच्याकडेच चालले आहे, तुकड्यातुकड्याने का होईना.

फक्त एक मागणं आहे. जुरी, बुधरामचा पाडा तुझ्या पायाखालचा आहे. मी संपायच्या आत माझा एक धागा काढून ठेव आणि तिथल्या मोहाच्या झाडाखाली नेऊन घाल. बुधरामच्या आईने झाकायला मागितलं होतं, आणि मी खांद्यावर परत गेले होते.