बारोनेचा वाटा

शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं बोलत असेन तर माझ्या भट्टीतली भाकरी पुन्हा कधी फुगू नये, आणि शेजारणीची मात्र रोज फुगावी! याहून मोठी शपथ आमच्या उर्थाले गावात नाही. ऐका आता.

मिंतोनियाचा नवरा तोरे वारला तेव्हा तिच्या पदरात दोन शेळ्या आणि एक कुत्रा टाकून गेला. कुत्र्याचं नाव बारोने. बारोने म्हणजे जहागीरदार, आणि मेला नावाला जागायचा. खायचा आणि लोळायचा. तोरेनं त्याला हौसेनं शिकारीसाठी आणलेला. पण ढग गडगडले की हा पलंगाखाली, कोंबडी फडफडली की पलंगाखाली. एकदा स्वतःच शिंकला, आणि कोण शिंकलं म्हणून घाबरून पलंगाखाली जाऊन बसला.

मी सांगते त्या शिकारीच्या आदल्या हिवाळ्यात, तोरेमागं एकटी असताना, मिंतोनिया चर्चच्या पायरीवर बर्फावरून घसरली आणि मांडीचं हाड मोडून बसली. कार्निव्हलला पडली ती ईस्टर होऊन गेला तरी खाटेवरच. पण तिची चूल एक दिवस विझली नाही. शिकारी टोळीचा म्होरक्या बुस्तियानू, ज्याच्या तोंडून सरळ शब्द निघत नाही, तो रोज लाकडं टाकून जायचा आणि जाताना “दार नीट लावत जा, म्हातारे!” म्हणून ओरडायचा. बोळक्या तोंडाचे प्रेदूकाका येऊन शेळ्यांची धार काढायचे, शेळ्यांना शिव्या घालत. आम्ही भट्टीवरच्या बायका भाकऱ्या पोचवायचो. आणि ती उठून चालायला लागल्यावर कुणी त्याचा उच्चारसुद्धा केला नाही.

तेच तिला लागलं. उपकार बोलून दाखवले असते तर भांडून तरी मोकळी झाली असती.

“माझ्या घरचं मांस पोटभर वाढीन सगळ्यांना,” तिनं मनाशी ठरवलं, “आणि मगच नाताळ.”

पण मांस आणायचं कुठून? शेळी कापावी तर दुधाला मुकायचं. खाटकाचं आणावं तर तिला ते पटेना. खाटकाचं मांस वाढून आभार मानायचे म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांनी रडायचं, असं म्हणायची. राहिलं रान. रानाचा आमच्याकडे कायदा आहे: डुक्कर कुणाच्याही गोळीनं पडो, डोकं गोळी घालणाऱ्याचं, बाकीच्याचे सारखे वाटे. बंदूक घेऊन किंवा हाका घालायला गेला त्याला एक वाटा. आणि ज्या कुत्र्यानं डुक्कर बाहेर काढलं, त्यालाही माणसासारखा पुरा वाटा.

मिंतोनियानं पलंगाखाली वाकून पाहिलं. बारोनेनं डोळे मिटून घेतले.

शनिवारी सकाळी ती काठी टेकत, बारोनेला दोरीनं ओढत, शिकाऱ्यांच्या जुन्या ओकाखाली हजर झाली. टोळीला हसू आवरेना.

“मावशी,” बुस्तियानू म्हणाला, “याला रानात सोडायचा की पाळण्यात घालायचा?”

“तू तुझी बंदूक सांभाळ. गेल्या साली झाडाला गोळी घातलीस ती. झाड अजून लंगडतंय.”

“ते डुक्करच होतं! झाडामागं होतं!”

“हो ना, आणि अजून तिथंच उभं आहे, हसतंय.”

प्रेदूकाका म्हणाले, “घ्या रे त्याला. तोरेचा कुत्रा आहे.”

त्या साली रानात जे डुक्कर शिरलं होतं ना, तसलं अख्ख्या सार्डिनिया बेटात कुणी पाहिलेलं नव्हतं. त्याच्या पाठीवर एवढा चिखल वाळलेला की त्यात गवत उगवलेलं आणि गवतात चंडोलानं घरटं केलेलं. सुळे असे, की पाद्रीबाबांनी टोपी अडकवावी. एका रात्रीत त्यानं बुस्तियानूचा द्राक्षमळा उपटला आणि जाताना फाटक लावून घेतलं. चांगल्या वळणाचं होतं.

दिवसभर हाका झाला. हाकाऱ्यांनी डबे बडवले, कुत्र्यांनी दरीन् दरी हुंगली, बंदुका धरून बसलेल्यांचे हात गारठले. डुक्कर काही निघेना. मिंतोनिया ओकाखाली शेकोटीवर शिजत घातलेला घेवडा बघत बसली होती आणि दर भुंकण्याला मान वर करत होती. बारोने तिच्या पायाशी झोपलेला. दुपार कलली तशी तिची आशाही कलली. तिनं ढोसलं, “जा रे. एकदा तरी जा. तोरेसाठी जा.”

बारोने उठला. तोरेसाठी नव्हे. बुस्तियानूची झोळी फांदीला टांगलेली होती आणि तीत मेंढीच्या दुधाच्या चीजचं गोल, अख्खं चाक होतं. मेल्यानं झोळी ओढली, चाक तोंडात धरलं आणि निवांत खायला म्हणून शिरला समोरच्या गच्च झुडपात.

आणि तिथं झोपलं होतं ते डुक्कर.

पुढं काय झालं ते मिंतोनियानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आधी आला आवाज, डोंगर ढेकर देतो तसा. मग बाहेर पडला बारोने, कान मागं, शेपूट पोटात, पण चीज तोंडात घट्ट. त्याच्यामागं डुक्कर. त्याच्यामागं चंडोल, घरटं कुठं चाललं म्हणून ओरडत. जिकडं माणूस दिसेल तिकडं पळायचं एवढंच बारोनेला ठाऊक, आणि सगळ्यात जवळचा माणूस होता बुस्तियानू. बुस्तियानू त्या वेळी खडकाआड बसला होता, पण शिकारीसाठी नव्हे. सकाळचा घेवडा बाधला होता.

“मावशीऽऽ! आवर त्याला!”

“कुणाला आवरू?”

एका हातात विजार, एका हातात बंदूक. धाड! डुक्कर त्याच्या पायाशी येऊन आडवं झालं, आणि बारोने त्याच्या दोन पायांमधून निघून थेट मिंतोनियाच्या घागऱ्याखाली शिरला.

टोळी तासभर तरी हसली असेल. बुस्तियानू सोडून सगळे.

मग शेकोटीपाशी डुक्कर सोललं. पाठीचे राठ केस चांभारासाठी बाजूला ठेवले, टाके घालायला त्याला लागतात. फुप्फुसं उकडून कुत्र्यांना घातली, काळीज निखाऱ्यावर भाजून मीठ लावून तिथल्या तिथं सगळ्यांनी खाल्लं. खुरांसकट सगळं तोडून, डहाळ्या अंथरून त्यांवर वाटे मांडायला घेतले.

“बारोनेचा धरलास ना?” मिंतोनियानं विचारलं.

बुस्तियानू सुरी पुसत म्हणाला, “कसला बारोनेचा? शिकार करणारा कुत्रा डुकराच्या मागं असतो मावशी. हा पुढं होता. पळत होता. चोर आहे तो!”

“तुमचे दिवसभर मागंच होते ना? आलं डुक्कर? नवरदेवाला चर्चमध्ये आणायचं तर कुणीतरी पुढं चालावंच लागतं.”

“चीज खाल्लंन् माझं!”

“ते आमिष होतं.”

पुन्हा हशा. बुस्तियानू लाल झाला. पण तिच्या चेहऱ्याकडं त्याची नजर गेली, आणि तो आवाज खाली आणून म्हणाला, “मांस हवं ना तुला? माझ्यातलं घे की. त्यात काय एवढं.”

मिंतोनिया म्हणाली, “तुझ्यातलं नको. तुझी लाकडं जाळली, काकांनी काढलेलं दूध प्याले, तुमच्या बायकांची भाकरी खाल्ली. आता तुमचंच मांस तुम्हाला वाढून आभार मानू? मला माझं पाहिजे. नसेल तर नसेल.”

वाटे मांडून झाले, जेवढी माणसं तेवढेच. वाटणीची आमची रीत अशी, की एकजण वाट्यांकडं पाठ करून उभा राहतो. दुसरा एकेका ढिगावर सुरी धरून विचारतो, “हा कुणाचा?” पाठमोऱ्यानं नाव घेतलं की संपलं. त्यावर पोपसुद्धा वाद घालू शकत नाही. पाठ करायचा मान प्रेदूकाकांचा. ते डोंगराकडं तोंड करून उभे राहिले.

बुस्तियानूनं पहिल्या ढिगावर सुरी धरली. “हा कुणाचा?”

“बारोनेचा,” प्रेदूकाका म्हणाले.

“काका!”

“डुकरानं ज्याच्यामागं एवढी धाव घेतली तो शिकारी नाही तर काय, तू? तू विजारीमागं धावत होतास. पुढचा बोल.”

एकेक नाव येत गेलं आणि ढीग संपले. नाव राहिलं ते काकांचं स्वतःचंच.

“अहो, तुमचा वाटा?” मिंतोनिया कळवळली.

“मला दात आहेत का? तू शिजवशील तेव्हा रस्सा पिईन.”

तिनं वाटा पदरात घेतला. थोड्या फासळ्या, मानेचा एक तुकडा, खुराचा एक पाय. तिनं मोजली खाणारी तोंडं, मग पाहिलं मांसाकडं, आणि तरीही म्हणाली, “उद्या दुपारी सगळे माझ्याकडं. बायकापोरांसकट.”

रविवारी उजाडायच्या आत तिनं अंगणातला खड्डा तापवला, मिर्तो नावाच्या वासाच्या झुडपाच्या डहाळ्यांत मांस गुंडाळून पुरलं, वर माती आणि मातीवर जाळ. आमच्याकडं सणाचं मांस असंच शिजतं, जमिनीच्या पोटात. मग डोक्याला रुमाल बांधून चर्चला गेली आणि पहिल्या बाकावर बसली, सगळ्या गावाकडं पाठ करून. पाद्रीबाबांचीही पाठच, त्या काळी ते वेदीकडं तोंड करून प्रार्थना म्हणायचे.

त्या रविवारी चर्चमध्ये जेवढा खोकला झाला तेवढा साथीच्या सालीही झाला नव्हता. आधी बुस्तियानू खोकत बाहेर गेला. तो आला तर दुसरा. मग तिसऱ्याची बायको. जो आत येई त्याच्या गुडघ्यांना माती आणि कपड्यांना मिर्तोचा वास.

दुपारी अंगण भरलं. काळी वाइन आली, कागदासारख्या भाकऱ्यांची चळत आली. मिंतोनियानं जाळ बाजूला सारला, माती ओढली, डहाळ्या उचकटल्या. वाफ निघाली, आणि वाफेखाली मांसावर मांस. फासळ्या दोन्ही कुशींच्या. मांड्या. खांदे. खुराचा एक पाय काढला, दुसरा काढला, तिसरा काढला, चौथा काढला. जमिनीखाली सकाळभरात मांस रुजलं, वाढलं, एकमेकांना जुळलं आणि अख्खं डुक्कर होऊन बसलं! फक्त डोकं नव्हतं. तेवढ्यात फाटकातून बुस्तियानू डोकं खांद्यावर घेऊन आला आणि दुसऱ्याच कुणाला तरी रागावल्यासारखा म्हणाला, “हे राहिलं होतं.”

मिंतोनिया खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून बसली, हातात चौथा पाय धरून. तिनं एकेकाच्या गुडघ्याकडं पाहिलं. सगळे आभाळाकडं बघायला लागले. पाऊस येतो का, म्हणून. आभाळ निळंभोर.

तिनं डोळे पुसले. “धुराचं आहे,” म्हणाली. मग कुत्र्याला हाक मारली. “बारोने, तुझ्या वाट्याला बरकत आहे रे बाबा. ये, वाढू या सगळ्यांना.”

आणि वाढताना ती एकेकाच्या ताटापाशी थांबली. “हे तुझ्या लाकडांबद्दल.” “हे तुम्ही काढलेल्या दुधाबद्दल, काका, रस्सा आधी तुम्हाला.” “पोरी, हे तुझ्या भाकरीबद्दल.” सगळं लक्षात होतं तिच्या, कोण कुठल्या थंडीत काय घेऊन आलं ते. बुस्तियानू मान खाली घालून जेवला, आणि चीजचं दुसरं अख्खं चाक टेबलाखाली कसं गेलं ते त्यालाच ठाऊक. जहागीरदार त्यावर डोकं ठेवून झोपला.

संपलं. सगळं खरं आहे. चंडोल खरा, विजार खरी, डुकरानं फाटक लावलं तेही खरं.

बरं बाई, भट्टीची शपथ घेतली आहे, तर एवढं कबूल करते: मांस जमिनीखाली वाढत नाही. चौथा पाय माझ्या नवऱ्याच्या वाट्याचा होता, आणि खोकत जाऊन पुरला होता मी.