हेळसांड

"यहाँ साइन कर दीजिए, सिस्टर." डॉक्टर माथुरांनी कागद पुढे सरकवला.

अनुसूयाने चष्मा लावून तो नीट वाचला. वजन एकोणऐंशी किलो. उपाशीपोटी साखर दोनशे शहाऐंशी. वॉर्डच्या कामाला अयोग्य. आणि खाली, कारणाच्या रकान्यात, आधीच टाइप केलेलं: खाण्यापिण्यात स्वतःची हेळसांड.

"ये किसने लिखा, सर?"

"सबका यही है, फॉर्मैलिटी. तीसरी लहर की बात चल रही है, शुगरवालों को वॉर्ड में कैसे रखें? आप घर पर आराम कीजिए. ज़रूरत पड़ी तो बुला लेंगे."

"और नहीं बुलाया तो?"

डॉक्टर मोबाइल बघू लागले. अनुसूयाने कागदाची घडी घातली, पर्समध्ये टाकली आणि सही न करताच बाहेर पडली.

सीपरी बाज़ारातल्या या हॉस्पिटलात तिची बावीस वर्षं गेली होती. तिच्या पायांना भिंगरी आहे, असं सगळा वॉर्ड म्हणायचा. मग महामारी आली. पंचेचाळीसच्या पुढच्या नर्सेसना आणि ज्यांची मुलं तान्ही होती त्यांना वॉर्डातून काढून मॉनिटर-रूममध्ये बसवलं. समोर बारा पडदे, हाताशी दोन फोन, बारा तासांची ड्यूटी. पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा उतरला की वॉर्डला कळवायचं, आणि बाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना काय ते सांगायचं. खुर्ची सोडायची नाही, असा हुकूम होता. बाथरूमला जाऊन येईपर्यंत कुणाचा आकडा कोसळेल, म्हणून ती पाणीसुद्धा घोटभरच प्यायची. गावातले दानशूर लोक कचोरी-जिलबीचे डबे पाठवत. 'आपके पिताजी नहीं रहे' असं एखाद्या मुलीला सांगून फोन ठेवला की हात आपसूक डब्याकडे जाई. चव कळत नसे. दीड वर्ष असंच गेलं.

घरी लेकीने, इराने, कागद वाचला. मराठी तिला सगळी कळायची, पण तोंडात यायची हिंदीच.

"आई, साइन कर दो ना. घर पे रहोगी तो ठीक हो जाओगी."

"साखर वाढली हे खरंच आहे गं. गोळ्याही घेईन मी. पण हेळसांड? मी खुर्ची सोडून उठले असते, तर ती हेळसांड झाली असती."

इराने आईच्या ताटातला भात निम्मा काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुसूया साखर मोजायचं यंत्र घेऊन नर्सेसच्या खोलीत जाऊन बसली. मॉनिटर-रूममध्ये काम केलेल्या बाकीच्या आठही जणींना तिने रात्रीच फोन करून उपाशीपोटी बोलावलं होतं. छत्तिशीच्या रामकली अहिरवारने हात पदराआड लपवला.

"रहन दो जिज्जी. शुगर निकर आई तो हमाई नौकरी जैहै."

"और छुपाओगी तो पाँव जैहै."

अनुसूयाने आधी स्वतःच्या बोटाला सुई टोचली आणि आकडा सगळ्यांना दाखवला. मग रामकलीने डोळे मिटून हात पुढे केला. दोनशे चौदा. तिच्यासकट नऊपैकी सहा जणींची साखर वाढलेली निघाली. त्यातल्या चौघींना त्याचा पत्ताच नव्हता.

दहा वाजता ती माथुरांसमोर गेली.

"बैठिए, सिस्टर."

"नहीं सर. डेढ़ साल बहुत बैठ ली." तिने सहा नावांचा कागद टेबलावर ठेवला. "चलिए, मान लिया, जलेबी हमने अपनी मर्ज़ी से खाई. कुर्सी से न उठने का हुक्म किसका था?"

"आप जानती हैं, हालात कैसे थे."

"जानते हैं. इसीलिए नहीं उठे. अब कारण में ड्यूटी लिखिए, साइन कर दूँगी."

"वो मैं नहीं लिख सकता."

"तो हम घर भी नहीं जाएँगे."

डॉक्टरांनी मान वर केली. दाराच्या काचेपलीकडे आठ जणी उभ्या होत्या. त्यांना काही या म्हणून अनुसूयाने सांगितलं नव्हतं. रामकली सगळ्यांत पुढे होती.

'ड्यूटी' हा शब्द काही त्या कागदावर आला नाही, आणि अनुसूयाने सहीही केली नाही. पण आठवड्याभरात फलकावर आदेश लागला: मॉनिटर-रूममध्ये कुणीही चार तासांहून जास्त बसायचं नाही, जेवणाच्या वेळी बदली मिळेल, औषधोपचार हॉस्पिटल करील. घरी कुणालाच पाठवलं नाही. अनुसूयाला साध्या वॉर्डात दिवसपाळी मिळाली.

पहिल्या सकाळी तिला वाटलं होतं, पूर्वीसारखीच भराभर फिरेन. पाचव्या खाटेशीच धाप लागली. तळव्यांना फरशीचा गारवाही जाणवेना, मध्ये कुणी कापूस घातल्यासारखं. आपले जुने पाय आता परत येणार नाहीत, हे तिला कुणी सांगायची गरज उरली नाही.

त्या खाटेची चादर दोघी मिळून बदलत होत्या; पलीकडच्या बाजूला रामकली होती. तिच्या बाजूची चादर केव्हाच खोचून व्हायला हवी होती, पण ती आपलं टोक हातात धरून खिडकीबाहेर बघत राहिली, जणू तिला कसलीच घाई नव्हती. अनुसूयाची धाप ओसरली. तिने आपलं टोक उचललं. मग दोघींनी एकदमच ओढलं, आणि चादर खाटेवर अशी ताठ बसली की तिच्यावर एक सुरकुती राहिली नाही.