कागद येईपर्यंत

मामाजींच्या बोटांना वंगणाचा वास यायचा. कार्तिकात सारे गाव नव्या धानाच्या गंधाने भरून जाई, तेव्हाही अंगणातल्या त्यांच्या खाटेभोवती तेलाचा, गंजाचा आणि जुन्या पितळेचाच ऋतू असे. माझे हे सासरे अरुंद रुळांच्या आगगाडीवर सांधे बदलणारे पॉइंट्समन होते. ते निवृत्त झाले, पुढे ती गाडीही बंद झाली, तरी रोज सकाळी ते स्टेशनाच्या मालगुदामात जाऊन मागे राहिलेले सामान पुसत बसत: कंदील, घंटा, तिकिटांचे कपाट आणि दोन लोखंडी यंत्रे.

ती यंत्रे जोडीची. एक आमच्या स्टेशनातले, एक पुढच्या, गाडी बंद झाल्यावर इथेच आणून टाकलेले. एकाने होकार दिल्याशिवाय दुसऱ्यातून लोखंडी गोळा निघत नसे, आणि तो गोळा हाती पडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नसे. एकाच रुळावर गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून केलेली ती सोय मामाजींच्या स्वभावातच मुरली होती. आधी परवानगी, मग पाऊल. बाजाराला निघतानाही ते माझ्याकडून चिठ्ठी लिहून घेत, आणि चिठ्ठीत नसलेली कोथिंबीर कधी घरात येत नसे.

मग गुदाम पाडायचा कागद आला. सामान कुठे जाणार, याचा कागद काही आला नाही. शाळेला फक्त घंटा हवी होती. जंगल बघायला येणाऱ्यांसाठी हॉटेल काढलेल्या एकाला दारात शोभेला एकच यंत्र हवे होते. "जोडी तोडाची नाई, भाऊ," म्हणत मामाजींनी त्याला वाटेला लावले. शेवटी मीच धानाची खोली रिकामी करून सारवून दिली. पोती ओसरीत रचली आणि उंदरांची चंगळ झाली.

खोली बघून मामाजी म्हणाले, "पोरी, सामान सरकारी हाय. कागद आल्याबिगर कसं हालवू?"

"अन् कागद नाईच आला तं, मामाजी?"

"येईन न. लिवलं हाय म्या."

लिहिले होते खरे, सुवाच्य अक्षरात, विनंती विशेष. मी कपाळाला हात लावला. शेजारचा ट्रॅक्टर, चार माणसे, एक दुपार, एवढेच तर काम होते. नवराही तयार होता. पण त्यांना डावलायची आमची हिंमत झाली नाही, आणि त्याचा मला अजून संताप येतो, त्यांच्याहून अधिक स्वतःचा.

पानगळ लागली. सागाची वाळकी पाने रुळांवरून खरखरत जात असताना गुदाम जमीनदोस्त झाले, आणि सामान दवात, धुळीत उघडे पडले. मामाजी काठी घेऊन त्याच्याजवळ बसून राहिले, भाकरीसुद्धा तिथेच खाल्ली. आठवड्याने कागद आला. एक यंत्र शहरातल्या कार्यालयाच्या शोभेसाठी न्यावे, बाकी सारे भंगारात काढावे. सही होती, शिक्का होता. मामाजींनी तो दोनदा वाचला. मला वाटले, आता तरी हा माणूस भांडेल. त्यांनी कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि कुठले यंत्र कुठल्या ट्रकात, ते स्वतः दाखवले.

एक ट्रक नागपूरकडे निघाला, दुसरा भंगार घेऊन चंद्रपूरकडे. गाडी सोडताना उचलत तसाच हात उचलून त्यांनी दोन्हींना वाट दिली. धूळ बसली, पळसावरची पाखरे पुन्हा बोलू लागली, तरी ते ताठ उभेच.

"चला घरी," मी म्हटले.

"कागद आला न शेवटी," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला.

गेलेले सारे आठवणीत राहते, असे म्हणून लोक मनाची समजूत घालतात. मला ते समाधान नको आहे. एकदाच, बिनपरवानगीचे एक काम आम्ही करायला हवे होते, आणि ते करायची वेळ आता कुणाच्याही सहीने परत येणार नाही.