खिडकीबाहेरचं कोपर

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे; इतकी जुनी, की ज्याच्या हातावर मी जन्मले तो माणूस गेला तरी मी आहे.

तो हात क्लेम हार्डग्रेव्हचा. ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडच्या उत्तरेला तो उसाचा ट्रक चालवायचा. उजवं कोपर कायम खिडकीबाहेर. बायको बेव्ह म्हणायची, "त्या हाताला क्रीम लाव की रे." यावर क्लेमचं ठरलेलं उत्तर, "या हाताला ऊन लागत नाही. उन्हालाच हा हात लागतो."

ऊन माझ्यात शिरलं की ऑक्सिजनचे चावरे कण तयार व्हायचे आणि आतलं सगळं कुरतडायचे. त्यांना आवरायला आम्हा पेशींत एक राखणदार असतो. काम संपलं की तो झोपतो. पण वर्षानुवर्षांच्या उन्हाने माझी जनुकं बिघडली. एका बिघाडाने माझं वाढणं थांबेना, दुसऱ्याने राखणदाराची झोपच उडाली. ज्या माऱ्यात चांगल्या पेशी मरतात, त्यात मी फोफावले. डॉक्टरांनी त्या हातावरचा काळा तीळ, म्हणजे त्वचेचा कॅन्सर, कापला तोवर माझी भावंडं क्लेमच्या फुप्फुसात पोचली होती.

त्या तिळातून काढून मला ब्रिस्बेनच्या एका प्रयोगशाळेत वाढवलं. प्रू नावाची संशोधक मला गुलाबी द्रव पाजायची आणि कौतुकाने म्हणायची, "काय चिवट आहे ही." तिने राखणदाराचं जनुक बंद केलं, तेव्हा मी मरू लागले. मग खात्रीसाठी तिने माझ्या काचेच्या बशीत ॲन्टिऑक्सिडंट, म्हणजे ते चावरे कण आवरणारं औषध, टाकलं आणि मी पुन्हा तरतरीत झाले. राखणदाराचं काम औषधाने केलं होतं.

त्याच आठवड्यात रुग्णांना प्रयोगशाळा बघायला बोलावलं होतं. क्लेम आणि बेव्ह आले, सोबत घरचे लॅमिंग्टन केक. मी कोणाची हे प्रूला ठाऊक नव्हतं. माझ्या बशीवर नुसता आकडा होता. मला ठाऊक होतं.

"आम्हीही हातावर हात ठेवून बसलो नाही," पर्समधून बाटली काढत बेव्ह म्हणाली. "ॲन्टिऑक्सिडंटच्या गोळ्या. रोज सकाळी मी स्वतः देते याला."

प्रूने बाटली वाचली. "बेव्ह, बशीतली पेशी म्हणजे माणूस नव्हे. पण डॉक्टरांना विचारेपर्यंत या देऊ नका. अशाच औषधाने कॅन्सरची पेशी सावरलेली मी परवा पाहिलीय."

बेव्हचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच याला..."

"तू गोळ्या दिल्यास," क्लेम म्हणाला. "ऊन मी खाल्लं. केक काढ आता."

गोळ्या थांबल्या. तरी क्लेम पुढचा ऊसतोडीचा हंगाम पाहू शकला नाही. गोळ्यांनी फरक पडला का, हे मलाही सांगता येत नाही. बेव्ह मात्र तेच मनाला विचारत राहते, याचं मला फार वाईट वाटतं.

वर्षभराने ती केक घेऊन पुन्हा आली. ट्रक आता त्यांची मुलगी चालवते, जोडी नावाची.

"तिच्या सगळ्या शर्टांना उजवी बाही मनगटापर्यंत शिवलीय मी," ती प्रूला म्हणाली. "डावी आखूड. लोक हसतात."

"आणि जोडी?"

"तीही हसते. पण घालते."

मित्रांनो, तशी एक बाही क्लेमच्या शर्टाला असती, तर कदाचित मी अशी झालेच नसते. ही कहाणी सांगायला कोणी उरलं नसतं, आणि ते फार बरं झालं असतं. कोपर आत घ्या.