पाण्याखालची इस्टेट

दिवाळे गावच्या गोटीराम कोळ्याला बापानं ठेवलेली इस्टेट एकच, आणि तीही पाण्याखाली. खांदेरीच्या वाटेवरचा बुडालेला, मासळीनं भरलेला खडक. कर्नाळ्याचा सुळका द्रोणागिरी डोंगराच्या खांद्यावर टेकला आणि दक्षिणेला खांदेरीचं दीपगृह बोटभर उंच दिसलं, की होडीखाली तो असणारच. ही खूण घराबाहेर जाऊ द्यायची नाही, असं बापानं बजावलं होतं. गोटीरामला मुलगी एकच, संध्या. ती एपीएमसीत कारकून, आणि होडीत बसली की तिला उलट्या.

गोटीराम हौशी गळवाल्यांना तिथे न्यायचा. त्यातला खारघरचा विपुल मोठा लाघवी. म्हाताऱ्यानं त्याला सगळं शिकवलं. प्रवाहाच्या वरच्या अंगाला इंजिन बंद करायचं, होडी खडकाच्या कडेवरून वाहू द्यायची, गळाचा शिशाचा नकली मासा तळाला टेकताच झटके देत वर घ्यायचा, नाहीतर तो कपारीत अडकलाच म्हणून समजा. "काका, तुमच्याशिवाय आमचं काय होणार!" असं विपुल म्हणाला की गोटीराम फुगायचा.

मग डोळ्यांत मोतीबिंदू आला. पण बोलायची सोय नव्हती. न दिसणाऱ्या तांडेलाच्या होडीत कोण बसतो? दोन खेपा खडक चुकून नुसत्या चिखलावर गेल्या. तिसऱ्या खेपेला त्यानं विपुलला हळूच विचारलं, "मना आज धुरकट दिसतंय. सुलका कुठं टेकलाय, बघ रं." विपुलनं बघून सांगितलं. खडक लागला, चार मोठे हेकरू मासे आले. विपुलनं मोबाइल काढला. फोटो काढत असेल, असं गोटीरामला वाटलं.

त्यानंतर विपुलचा फोन आला नाही. संध्यानं हट्टानं बापाचं ऑपरेशन करवलं आणि महिन्यानं पहिल्या खेपेला काळजीपोटी स्वतः सोबत आली.

खडकावर नऊ बोटी होत्या. गोटीरामला आता प्रत्येक माणूस लख्ख दिसत होता. विपुलही दिसला, समोरच्या मोबाइलवर समुद्राचा नकाशा उघडा. त्यानं मान वळवली आणि रीळ गुंडाळू लागला. शेजारच्या बोटीवरून एक अनोळखी ओरडला, "ओ काका, बाजूला घ्या ना! आमचा पॉइंट आहे हा."

उलटीनं पांढरी पडलेली संध्या उसळून उठली. "बाबा, सांगा ना त्यांना, खडक कोनाचा हाय!"

बापाचं बजावणं आठवून गोटीरामला शरमेनं मेल्यासारखं झालं.

"काय सांगू, पोरी? मीच दिला," तो म्हणाला, आणि त्यानं होडी वळवली.