नानांच्या गाडीची सर्व्हिसिंग

गाडीच्या सर्व्हिसिंगची तारीख केव्हाच उलटून गेली होती. प्रमिलाबाईंना काय ते ठाऊक नव्हतं? पण गाडी अंगणात लिंबाखाली कव्हर घालून उभी, आणि गाडीचे मालक ओट्यावर खुर्ची टाकून मुके बसलेले. विचारायचं कुणाला?

अभिमननाना म्हणजे धरणगावच्या कापसाच्या जिनिंगमधले जुने फिटर. वॉरंटी संपली तसं त्यांनी शोरूमचं तोंड पाहिलं नव्हतं. ऑइल, फिल्टर, जे काय असेल ते अंगणात, स्वतःच्या हातानं. दिवाळीनंतर अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी नाना काहीतरी बोलायला गेले आणि तो मेला फिसकन हसला. झालं. तेव्हापासून नानांनी तोंडाला कुलूप लावलं. डॉक्टर म्हणाले, अजून वेळ आहे, बोलतं करा त्यांना, नाहीतर आहे तेवढंही जाईल. करा म्हणे! बाईंनी गोडीनं सांगून पाहिलं, भांडून पाहिलं, एक दिवस रडूनही पाहिलं. नाना नुसती मान हलवायचे.

लेक हेमांगी धुळ्याहून आली तेव्हा म्हणाली, ‘‘आई, शोरूमला पैसे देऊन टाक. ते घरून गाडी नेतात, आणून देतात. बाबांना कशाला त्रास?’’

बोलणं खोटं नव्हतं. पण किल्ली परक्याच्या हातात गेली की या माणसाचं उरलंसुरलं मनही खचेल, ही धास्ती बाईंना झोपू देईना. शेवटी एका सकाळी त्यांनी स्टँडजवळच्या दुकानातून ऑइलचा डबा आणला, पदर खोचला आणि बॉनेट उघडलं. ऑइल ओतलं की झाली सर्व्हिसिंग, अशी त्यांची बिचारीची समजूत. आत नळ्याच नळ्या. जे झाकण पटकन निघालं ते त्यांनी काढलं आणि डबा वाकवला.

‘‘हेमानी माय... तठे नही.’’

शब्द अडखळत, लोळत आले, पण आले. बायकोला नावानं हाक मारायची नानांची रीत नव्हती. लेक झाल्यापासून ती हेमाची माय. ही हाक पुन्हा कानावर पडेल याची आशाच बाईंनी सोडली होती. त्यांचे डोळे भरून आले. पण वळून पाहिलं तर हा माणूस लाजून पुन्हा मिटेल, एवढं त्या ओळखून होत्या. त्यांनी मुद्दाम डबा दुसऱ्या झाकणावर नेला.

‘‘मग इथे ओतू का?’’

‘‘नही वो. ते बी पानीनं शे.’’ नाना काठी टेकत ओट्यावरून उतरले. गाडीपाशी आले. ‘‘पहिले जुनं काढनं पडस. गाडीखाले जावं लागस.’’ आणि बोलता बोलता त्यांची नजर आपल्या उजव्या हातावर गेली. तोंड मिटलं.

आलेलं सगळं परत जायला लागलं, हे बाईंना दिसत होतं.

‘‘तर मग शोरूमलाच न्यावी लागेल,’’ त्या डब्याचं बूच लावत म्हणाल्या. ‘‘पण मला यातलं ओ की ठो कळत नाही. तिथं बोलणार कोण?’’

नानांनी काठी गाडीला टेकवली आणि डाव्या हातानं बॉनेट लावलं.

‘‘मी बोलसू.’’

शेजारच्या शालिग्रामनं दोघांना बसवून गाडी जळगावला नेली. शोरूमच्या काउंटरवरच्या माणसानं एसीची सफाई, कोटिंग, काय काय म्हणून घडाघडा वाचून दाखवलं. नानांनी डावा हात वर केला आणि काय हवं ते सांगितलं. त्याला काही कळलं नाही. त्यानं बाईंकडे पाहिलं. ‘‘काय म्हणाले हो?’’

मागच्या सोफ्यावरची माणसं वळून बघायला लागली. नानांची मान खाली गेली. बाईंना शब्दन् शब्द कळला होता, अगदी ओठावर आला होता. तरी त्यांनी तो शब्द गिळला.

‘‘त्यांनाच विचारा,’’ त्या म्हणाल्या.

मग नानांनी मान वर केली आणि एकेक शब्द सुटा करून पुन्हा सांगितलं. आता तो माणूसही पुढं वाकून ऐकत होता.

‘‘ऑइल आणि फिल्टर. बाकी काही नको. बरोबर, काका?’’

‘‘बरोबर.’’

‘‘गाडी झाली की फोन करतो. बाई, तुमचा नंबर?’’

बाई सांगणार तोच नानांनी काठी जमिनीवर टेकली. ‘‘मना नंबर लिखा. फोन उना की मी उचलसू.’’

बाईंना तिथंच, सगळ्यांसमोर रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं. नाना आकडे सांगू लागले. मधे एक चुकला, तसे थांबले आणि पहिल्यापासून सांगू लागले. त्यांना कुणी घाई केली नाही.